चार लांब श्वास

दादा हौशी पाणबुड्यांना बर्फाखाली न्यायचा. टाकीतली हवा तोंडाशी आणणारा त्याचा रेग्युलेटर धाकटी बहीण खोलून आतून कोरडा ठणठणीत करून ठेवायची. आज लोकांदेखत तिने बजावलं, “पाण्यात शिरेपर्यंत तोंडाला लावू नकोस. श्वासाची वाफ आत गोठते, मग खाली झडप उघडीच अडकते, हवा भसाभस संपते.” कोणीतरी हसलं. लोक बाहेर पडल्यावर त्याने दार लावलं. “मला अक्कल शिकवतेस?” केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं, तोच रेग्युलेटर दोनदा तोंडावर हाणला. दात तुटून पडला. रेग्युलेटरवरचं रक्त धुऊन तिने तो पुन्हा सुकवला. तळ्यावर बर्फाच्या भोकाशी बसून दादाने तो तोंडात धरला, चार लांब श्वास घेतले. “कुठे गोठला गं?” त्याच्या कमरेला बांधलेली दोरी धरलेल्या धाकटीने तोंड उघडलं. जीभ रिकाम्या हिरडीला लागली. तिने तोंड मिटून घेतलं.