कापलेले कोपरे

"हे स्कॅन होत नाही, मावशी. गोळ्या देता येणार नाहीत," दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीतली मुलगी चौथ्यांदा म्हणाली.

शिवणवाल्या मावशी गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे पाच म्हातारी माणसं. सगळ्यांच्या हातात पाकिटं, आणि सगळ्यांच्या पाकिटांचा उजवा कोपरा गायब.

नवी योजना सुरू होऊन पहिलाच महिना झाला होता. रिकामं पाकीट परत आणायचं, यंत्रापुढे धरायचं, यंत्र 'टिंग' म्हणालं की पुढच्या महिन्याची औषधं फुकट. नाही म्हणालं तर माणूस औषध घेत नाही असं धरून यादीतून नाव बाद. पुन्हा नाव घालायला तीन महिने. आज शेवटची तारीख होती, आणि मावशींच्या घरात आज रात्रीसाठी फिटची एकही गोळी नव्हती.

"सगळ्यांनी पाकिटं कापलीत कशाला? कोणी शिकवलं हे?" मुलगी वैतागली. तशी ती वाईट नव्हती. सकाळपासून लोकांची आणि यंत्राची बोलणी तीच खात होती.

रांगेच्या शेवटी, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेले म्हातारे कंपाउंडर उभे होते. त्यांचे कान गरम झाले.

"मी शिकवलं," ते म्हणाले.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ह्याच खिडकीत ते बसायचे. तेव्हा खिडकीला काच नव्हती. लोकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली लाकडी फळी होती आणि सुतळीने बांधलेली एक कात्री. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. एकदा मावशींनी फिटची रात्रीची गोळी सकाळी घेतली, शिवता शिवता डुलकी लागली आणि मशीनची सुई बोटात आरपार गेली. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांनी सगळ्यांना धडा घालून दिला. घरच्या कोणाकडून पाकीट एकदा वाचून घ्यायचं आणि लगेच कात्री चालवायची. सकाळच्या पाकिटाचा उजवा कोपरा, रात्रीच्याचे दोन्ही. मग अंधारातसुद्धा बोटांना कळतं. "कंपाउंडर, औषधं देता की कपडे बेतता?" म्हणून डॉक्टर हसले होते. पण त्यानंतर मावशींना बावीस वर्षांत एकदाही फिट आली नाही.

काय दिवस होते ते! माणसं औषधाला यायची आणि सुनेच्या, जावयाच्या, गुडघ्याच्या तक्रारी फळीवर ठेवून जायची. निम्मं दुखणं तिथेच उतरायचं. कंपाउंडरांना त्या फळीची फार आठवण यायची. घरी त्यांना कोणी काही विचारत नसे.

आणि आता त्यांचीच कात्री ह्या माणसांच्या मुळावर आली होती.

"पोरी, ह्या बाईंनी एक गोळी चुकवलेली नाही. माझ्या सहीवर दे."

"मी देईन हो काका. पण यंत्राला तुमची सही कुठे कळते?"

कंपाउंडर मावशींकडे वळले. मान वर होईना.

"ताई, यंत्राला एक चौकोन लागतो. काळ्या ठिपक्यांचा. तो नेमका उजव्या कोपऱ्यावर छापलेला होता. आपण तोच कापला. माझ्यामुळे झालं हे. मी तेव्हा कात्री हातात घेतली नसती तर बरं झालं असतं."

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी खिसा उलटा शिवून आणला होता.

"असं काय बोलता भाऊ? कोपरेच हवेत ना? मग मघापासून स्कॅन स्कॅन काय चाललंय, सरळ कोपरे द्या म्हणायचं की!"

त्यांनी पिशवीतून बटणांचा जुना डबा काढला आणि झाकण उघडलं. डबा कोपऱ्यांनी भरला होता. तळाशी रंग उडालेले, मधे चुरगळलेले, अगदी वर ह्या महिन्याचे, काळ्या ठिपक्यांचे. मुलीने वरचा एक उचलून यंत्रापुढे धरला.

टिंग.

दुसरा धरला. टिंग.

मागे रांगेत खुडबुड सुरू झाली. कोणी चष्म्याचं घर उघडलं, कोणी रुमालाची गाठ सोडली.

कंपाउंडर डब्याकडे बघतच राहिले. "हे सगळे... जपून ठेवलेत?"

"विसरलात होय? तुम्हीच दम द्यायचात, कापलेला कोपरा टाकायचा नाही, मला आणून दाखवायचा, म्हणजे गोळ्या शेजारीपाजारी वाटल्या नाहीत हे कळेल. पाहिलेत की शाब्बास म्हणायचात." मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "आम्ही दर महिन्याला आणतो, भाऊ. तुम्ही गेल्यापासून कोणी बघायला मागितलेच नाहीत."