ओझ्यासकट बसू नये

आर्डिथबाई बसल्या, आणि बसताक्षणीच त्यांना कळलं की आपण बसायला नको होतं.

पाठीवर एल्कचा, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचा, मागचा फरा होता, हाडासकट. ऐंशी पौंडांचं असं ओझं घेऊन चढताना माणूस उभ्याउभ्या दम खातो, फार तर कमरेइतक्या उंच खोडाला टेकतो. बसत नाही. बसलेल्याला उठता येत नाही. पट्टे सोडले तर माणूस उठतो, पण ते धूड परत पाठीवर चढवायला दुसऱ्याचे हात लागतातच. हे सगळं त्या खोऱ्यातल्या प्रत्येक नवशिक्याला आर्डिथबाईंनीच शिकवलं होतं, बहुतेकांना शिव्या घालून.

नियमही त्यांचाच. मांस वाहताना ज्याला हात द्यावा लागला, त्याने पुढच्या वर्षी बंदूक घरी ठेवायची आणि शिकारीच्या तंबूत स्वयंपाक करायचा. या नियमाने त्यांनी आधी धाकट्या दिराला तंबूत बसवलं, मग नवऱ्याला. दीर पिऊ लागला. नवरा दुसऱ्याच मोसमात बीन्स ढवळता ढवळता गेला. बीन्स करपले होते, हे त्या अजून सांगतात. यंदा आईचा नंबर लागणार, असं त्यांचा मुलगा क्ले त्यांच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाला होता. पुढचे फरे घेऊन तो सकाळीच वर ट्रकपाशी पोहोचला होता.

काही पावलं वर सून थांबली. मार्नीच्या पाठीवर दुसरा मागचा फरा होता. एल्क तिनेच मारला होता, आयुष्यातला पहिला, आणि त्याबद्दल तिला अजून एकही बरा शब्द ऐकायला मिळाला नव्हता.

"काय झालं, आई?"

"काय व्हायचंय? डोंगर बघतेय."

आर्डिथबाईंनी उभ्या आयुष्यात डोंगराकडे एल्क शोधण्यापलीकडे पाहिलं नव्हतं.

"बघा की. चांगलाय."

"मारून मारलास तो दरीच्या तळाशी! अक्कल असलेली माणसं रस्त्याच्या वरच्या अंगाला मारतात. तुमच्या बॉइसी शहरात एल्क लिफ्टने वर येतात वाटतं?"

जळक्या पाइनची आडवी खोडं ओलांडत मार्नी परत खाली आली. मार्नीच्या देखत आर्डिथबाईंनी हातातल्या काठ्या रोवून एकदा जोर लावला. बूड एवढंसं उचललं गेलं आणि परत दगडावर आलं.

"हात पुढे केलास तर चावेन."

"मी कुठे करतेय? मीपण डोंगर बघतेय."

आणि खरंच तिने बघून घेतलं. लग्नाच्या दिवशी या बाईने तिच्या आईला विचारलं होतं, मुलीला काही येतं, की नुसतीच उंच आहे? त्यानंतरच्या वर्षांत त्यात भरच पडत गेली होती. आता फक्त वर जायचं होतं आणि क्लेला सांगायचं होतं, आईंना हात लागेल. बास. पुढचं काम नियम करणार होता.

ऊन उतारावर आलं. मांसाच्या फडक्यांभोवती माश्या जमल्या. अजून थोडा वेळ गेला असता तर मांस नासलं असतं.

मग मार्नीच्या डोळ्यांसमोर पुढच्या वर्षीचा तंबू आला. दहा दिवस. हातात डाव घेतलेल्या आर्डिथबाई. रोज संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायचं, ते त्या तोंडासमोर. तंबूच्या भिंती कापडाच्या असतात. डोंगरावरच्या आर्डिथबाई निदान एरवी पाठमोऱ्या तरी असतात.

मार्नी शेजारच्या दगडावर बसली. ओझ्यासकट. तो दगड आणखीच बुटका होता.

"अगं ए! बसलीस काय? शिकवलं होतं ना तुला?"

"विसरले."

"ऊठ."

मार्नीने प्रयत्न केला. खरोखरच उठता येईना. हे मात्र तिने ठरवलं नव्हतं.

"नाही जमत, आई."

आर्डिथबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बाई काहीही असतील, मूर्ख नव्हत्या. मग त्यांच्या कमरेचं बक्कल खटकन सुटलं. पट्ट्यांतून बाहेर पडून त्या उभ्या राहिल्या, पाय रोवले, सुनेची दोन्ही मनगटं धरली आणि ओढलं. घाम आणि रक्ताच्या वासात मार्नी वर आली. लग्नातल्या फोटोनंतर दोघी पहिल्यांदाच इतक्या जवळ आल्या होत्या. लगेच लांब झाल्या. मार्नीने दुसरं ओझं उचललं आणि सासूचे हात पट्ट्यांतून जाईपर्यंत धरून ठेवलं.

"आधी हात कुणी घेतला?" पट्टा आवळत आर्डिथबाईंनी विचारलं.

"मी."

"मग तू दिलास ती परतफेड. परतफेडीला मदत म्हणत नाहीत."

"नाही म्हणत."

"आणि इथलं इथेच राहिलं."

"राहिलं."

उरलेल्या चढणीवर आर्डिथबाईंनी एकही टोमणा मारला नाही. या घरात आभार असेच मानत असावेत, असं मार्नीने गृहीत धरलं. तिचे खांदे सोलवटले होते, कमरेची हाडं पट्ट्याखाली ठणकत होती, आणि तरी तिला जवळजवळ बरं वाटत होतं.

क्लेने दोघींची ओझी ट्रकमध्ये उतरवून घेतली. आईच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग बायकोकडे.

"कुणाला हात द्यावा लागला का?"

नाही म्हणायला मार्नीने तोंड उघडलं.

"हिला," आर्डिथबाई म्हणाल्या.