पुढची दहा वर्षं

“कॉम्प्युटर किती वर्षं वापरायचाय, वहिनी?” विकासने विचारलं.

प्रश्न साधाच होता. काळाचौकीचा हा विकास घरोघर जाऊन कॉम्प्युटर जुळवून देतो आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो.

“दहा,” सुरुची म्हणाली. जरा जास्तच ठासून म्हणाली.

खुर्चीतल्या यशोधनने, तिच्या नवऱ्याने, तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती. दोघांनी शेजारी बसून ती ऐकली होती आणि घरी आल्यापासून त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. यशोधनला तर काढताही येत नव्हता. एके काळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा हा अट्टल गप्पिष्ट. याच्या तावडीत सापडलेली माणसं जेवायची वेळ विसरायची. आजाराने आधी पाय नेले, मग हात, मग वाचा. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालत होतं. आवाज जायच्या आधी त्याने तो तासन्‌तास रेकॉर्ड करून ठेवला होता. बोटाने टाइप करायचं, की लॅपटॉप ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवायचा.

पण लॅपटॉप जुना. हा भार त्याला झेपत नव्हता. वाक्य लिहून झालं तरी पडद्यावरचं चक्र दोन-दोन मिनिटं नुसतं फिरत बसे. यशोधनने केलेला विनोद बाहेर पडेपर्यंत पाहुणा चपला घालत असे. हळूहळू लोकांनी त्याला काही विचारणंच सोडलं. तो समोर असताना ते सुरुचीला विचारत, “कसे आहेत?” हे त्याला आजारापेक्षा जास्त लागायचं.

विकासने दोन पर्याय मांडले. ठरलेल्या बजेटमध्ये जुन्या सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जुन्या खाचेच्या, बोर्डावर भारीतला प्रोसेसर बसेल, आवाज चुटकीसरशी निघेल. मात्र त्या सॉकेटसाठी नवे प्रोसेसर आता निघणार नाहीत, म्हणजे विषय तिथेच संपला. दुसरा बोर्ड नव्या सॉकेटचा. त्यावर आज साधाच प्रोसेसर परवडेल, या लॅपटॉपपेक्षा उन्नीस-बीस, म्हणजे आवाज तोवर असाच रखडत निघणार. पण तीन-चार वर्षांनी तेवढाच काढून दमदार टाकायचा, बाकी सगळं तसंच.

“दहा वर्षं बोलताय तर नवाच घ्या. जुन्याला फ्युचर नाय.”

सुरुची लगेच हो म्हणाली. मग चार वर्षांनी काय काय बदलता येईल, मेमरी किती वाढेल, हे ती खोदून खोदून विचारत राहिली. विकास उत्साहाने सांगत होता आणि तिला बरं वाटत होतं. चार वर्षांनंतरचं या घरात किती दिवसांत कोणी बोललं नव्हतं. तिला तो बोर्ड हवाच होता. नवस बोलावा तसा हवा होता.

तिकडे यशोधनचं बोट चालू होतं. सुरुचीला ते दिसत होतं. तिने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. विकासने यादी लिहून घेतली, उद्या माल आणतो म्हणाला आणि सॅक पाठीला लावून जिना उतरला.

दार लावून ती वळली, तरी लॅपटॉपवरचं चक्र फिरतच होतं. मग यशोधनचा आवाज आला. पूर्वीचा, खणखणीत.

“सुरू, मला आत्ता बोलायचंय. तुझ्याशी.”

तिला त्याचा भयंकर राग आला. दोन वर्षं, ती दोनच वर्षं त्याने अशी सरळ मान्य करून टाकावीत? मग त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती गॅलरीत गेली. खाली विकास स्कूटरवर बसत होता.

“विकास, नवा नको,” तिने वरून ओरडून सांगितलं. “तो दुसरा आण. ज्याला पुढे काही नाही, तो.”

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. विकासने हेल्मेट काढून कानामागे हात धरला. तिला ते पुन्हा सांगावं लागलं, आणखी मोठ्याने.