बटणाएवढा कॅमेरा

आईच्या दंडावरचे वळ तिची देखभाल करणाऱ्या दोन आयांपैकी कुणामुळे उठतात, ते ती भीतीपोटी सांगत नव्हती. मी कॅमेरा घ्यायला गेले.

"मोठा घ्या ताई," दुकानदार म्हणाला. "एवढ्याशा कॅमेऱ्यात अंधुक उजेडातले चेहरे ओळखू येत नाहीत."

पण मोठा लपला नसता. मी बटणाएवढा घेतला आणि तिच्या खोलीतल्या घड्याळात बसवला.

आठवड्याने चित्रण पाहिलं. पडदे ओढलेल्या खोलीत कुणीतरी आईचा हात पिरगाळत होतं. रोज. चेहऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके.

"मोठा लावला असता तर चेहरा कळला असता गं," मी आईला म्हटलं, "पण तो त्यांना दिसला असता."

आई दंड चोळत राहिली.

"दिसला असता, तर तिनं हात लावला असता का मला?"