चाळीस अक्षरांची आजी

सकाळपासून तिसऱ्यांदा पडद्यावर शून्य उमटलं आणि तपासनीस बाईचं डोकंच फिरलं. सलाइन सोडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम, सी भाषेतल्या साठ हजार ओळी, आणि कच्ची जागा एकही नाही?

कोडमधल्या उणिवा हुडकणाऱ्या स्कॅनरला ऑफिसात सगळे सासूबाई म्हणत. सारखं बोट ठेवायचं, दमायचं नाव नाही. आज त्याच सासूबाई गप्प. वैतागून तिने फाइली हातानेच उघडल्या. जागोजागी, ओळीच्या डोक्यावर, एकच शेरा: 'पाहिलंय, सोडून दे.' तो दिसला की सासूबाई मुकाट पुढे सरकत. असे शेरे चारशे बारा.

त्यातल्या एकाखाली पेशंटचं नाव लांबी न मोजताच बत्तीस अक्षरांच्या जागेत ओतलेलं होतं. नावाला खेटूनच औषधाचा वेग; नाव लांबलं की ते थेट वेगावरच सांडणार.

हा शेरा ज्याचा, त्या ज्येष्ठ प्रोग्रामरला सगळे दादा म्हणत. दादा म्हणाला, तीन वर्षं चाचण्या चालल्यात, कधी कुरकुर नाही. चाचणीत पेशंटचं नाव काय घालता, तिने विचारलं.

"अबक," दादा म्हणाला. "दर वेळी तेच."

तेवढ्यात मॅनेजर कागद घेऊन आला. उद्या साठ यंत्रं इस्पितळात जायची होती. तिच्या सहीवाचून तेवढं अडलं होतं. तिने कागद बाजूला ठेवला. टेबलावरच्या यंत्राला पाण्याची पिशवी अडकवली, नळीखाली औषधाचा छोटा कप ठेवला, वेग अगदी कमी लावला. मग नावाच्या रकान्यात आपली आजी लिहिली. आजीचं नाव, आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव. चाळीस अक्षरं.

थेंब पडला. थांबला. थेंबामागे थेंब आला, आणि मग थेंबांची धार लागली.

"दादा, हा कप नाही, माणूस आहे असं समजा," ती म्हणाली.

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मॅनेजर धारेकडे पाहत राहिला. एवढं लांब नाव सहसा कुणाचं नसतं, असं काहीसं पुटपुटला. मग त्याचा चेहरा उजळला.

"माहितीपुस्तिकेत एक ओळ टाकू, मॅडम. नाव आखूड लिहावं. तुम्ही सही करा."

तिने पेनला टोपण लावलं. कप केव्हाच भरला होता. टेबलावरून पाणी कागदाच्या दिशेने निघालं, आणि तिने यंत्र बंद केलं नाही.