विषारी नाही ना?

“शी! फरशी पुसायचं फडकं?”

“पातेल्यात पडलं हो, ताई. लगेच काढलं. विषारी नाही ना?”

फोनवरच्या ताईने नाक मुरडलं. विषबाधेच्या चौकशीचा नंबर तो. पोराने खडू खाल्ला, मेणबत्ती चावली, कुंडीतलं पान गिळलं, असे फोन दिवसभर चालूच. पण या माणसाची तऱ्हाच वेगळी. रोज दुपारी फोन आणि रोज नवी घाण. सोमवारी भांडी घासायचा साबण, मंगळवारी झुरळं. तिने त्याचं नाव मळमळकाका ठेवलं होतं.

“विषारी नाही, पण टाकून द्या सगळं.”

“सगळं? खाणारी तोंडं पुष्कळ आहेत हो आमच्याकडे.”

एकत्र कुटुंब असणार. त्या घरातल्या माणसांची तिला कीव आली. कुणाच्या हातचं खातात बिचारे!

तिचा स्वतःचा सहावा महिना चालला होता. पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता, वजन उतरत होतं. “बाळ वाढत नाहीये,” डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात दम भरला होता. “काय वाटेल ते करा, पण खा.” सासूबाईंनी हरतऱ्हेचं करून घातलं, तेही उलटून पडलं. ठरायचं ते फक्त ऑफिसखालच्या कॅन्टीनचं सूप. देवासारखं धावून आलं होतं ते. आठवडाभरात वजन अर्धा किलो वाढलं. गुरुवारी तर तिने दुसरा वाडगा वर मागवला होता. तो अर्धा झाला, तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, पाल विषारी असते का हो?”

तिने चमचा खाली ठेवला. “आता पाल?”

“उकळली बिचारी. पातेल्याच्या तळाशी होती, आत्ता दिसली. सगळ्यांचं खाऊन झालंय.”

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. “घरातली पाल विषारी नसते,” ती कशीबशी म्हणाली. “कुणाला उलट्या झाल्या तर दवाखान्यात न्या. आणि काका, तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो? रोज माणसांना घाण खाऊ घालता!”

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“चुकलंच, ताई. पण एक विचारू? पोटुशी बाई असेल तर? तिला नाही ना बाधणार?”

“तुमच्या घरात गरोदर बाई आहे?” ती ओरडलीच.

“घरात नाही हो. वर तिसऱ्या मजल्यावर असते एक, दिवसभर फोन घेते म्हणे. फार आवडतं तिला आमचं सूप. आज दोन वाडगे मागवलेत.”