आरामाचा रस्ता

बेकरीचा वास तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनीची खात्री पटली, की पुढच्या सीटवर बसलेला आपला दीर नुसता आळशी नाही, खोटारडाही आहे. आणि त्यातही कच्चा.

"कसला आरामाचा रस्ता काढलाय बघा, वहिनी," तो म्हणत होता. "चढ नाही, खड्डे नाहीत, गर्दी नाही. नाहीतर उपनगर म्हणजे काय जवळ आहे का?"

सायकल दोघांची होती. दोन सीट, पॅडलच्या दोन जोड्या साखळीने एकत्र बांधलेल्या. हँडल आणि ब्रेक मात्र पुढच्याच्या हातात. वहिनीला दिसत नव्हतं, त्यामुळे तिची जागा कायम मागची. पुढे नवरा बसायचा. त्याने उपनगरात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि किल्ली हातात यायच्या आत तो गेला. आता वहिनीला तिथे एकटीने राहायचं होतं आणि दिराला ते घर भाड्याने द्यायचं होतं. अर्थात, तो तसं म्हणत नव्हता. तो म्हणत होता, वहिनींची फार काळजी वाटते.

त्या काळजीपोटीच त्याने पैज लावली होती. दादाच्या सायकलवरून एकदा त्या घरापर्यंत जाऊ, अंतर अंगाला कळू दे. वाटेत वहिनी 'पुरे' म्हणाल्या तर विषय बंद, किल्ली त्याच्याकडे. 'पुरे' न म्हणता पोहोचल्या तर तो स्वतः त्यांचं सामान पोहोचवेल.

पहिल्या फेरीत वहिनी खरोखर धास्तावली होती. एवढं लांब असेल तर आपला निभाव कसा लागायचा, असं तिला वाटून गेलं. आता त्या धास्तीचीच तिला लाज वाटली. माणसाने एवढं कारस्थान रचावं, तर त्यासाठी निदान घाम तरी गाळावा. तेही याच्याने होईना. साखळी जोडलेली असल्यामुळे पुढे किती जोर लागतोय ते तिच्या तळपायांना कळत होतं, आणि पुढे काहीच लागत नव्हतं. त्याचे पाय पॅडलवर नुसते बसले होते, फुकट्या प्रवाशासारखे. दोघांचं ओझं वहिनी ओढत होती आणि उसासे तो टाकत होता.

"आलो बरं का नदीकाठी," तो म्हणाला. "काय मोकळी हवा आहे!"

नदीला लाकडाच्या भुशाचा वास येत होता. मघाशीही तो आला होता, करवतीच्या त्याच आवाजासकट. त्यानंतर तेच गतिरोधक लागले, शाळेच्या मैदानावरचा तोच गलका ऐकू आला. डोळ्यांत धूळ फेकायची तर समोरच्याला आधी डोळे लागतात, एवढंही या माणसाला सुचलं नव्हतं. वहिनीला राग आला नाही. किळस आली.

पुन्हा भाजलेल्या पावाचा वास आला.

"ही बेकरी फारच मोठी दिसते, भाऊजी," ती म्हणाली. "शहरभर पसरलीय."

"शाखा असतील हो." मग आशेने, "दमलात का? पुरे करायचं?"

"थांबा जरा. पाव घेते. नव्या घरात खायला काही नसेल."

ती उतरली, वासाच्या रोखाने चार पावलं गेली. बेकरीवाल्याने गरम पाव पिशवीत घालून तिच्या हातात दिला. उपनगराला कुठून जायचं, असं तिने त्याला विचारलं.

"हा काय समोर पूल. उतरलात की आलंच," तो म्हणाला. मग जरा हळू, पण दिराला ऐकू जाईल इतपत, "मघापासून बघतोय, ताई. मला वाटलं, साहेब सायकल शिकतायत."

वहिनी हसली नाही. हसू खर्च करावं एवढीही त्या माणसाची किंमत उरली नव्हती. मागच्या सीटसमोरच्या दांड्याला तिने पिशवी अडकवली आणि बसली.

"पुलाला फार चढ आहे, वहिनी." दिराच्या आवाजातली काळजी आता पहिल्यांदाच खरी होती. "उगाच त्रास होईल."

"कोणाला?"

बेकरीवाला बघत होता, तेव्हा दिराला निघणं भाग होतं.

सायकल पुलाला लागली तशी वहिनीने दोन्ही पाय पॅडलवरून उचलून खालच्या दांडीवर ठेवले. सायकल डगमगली. मागे बसचा हॉर्न वाजत होता, थांबायची सोय नव्हती. दिराने सीट सोडली, उभा राहून पॅडल दाबू लागला. त्याची धाप तिला ऐकू येत होती. तिच्या पायांशी मागची पॅडल रिकामीच फिरत होती.

अर्ध्या पुलावर पुढून आवाज आला, "पुरे. पुरे हो."

"कोण म्हणालं?" वहिनीने विचारलं, आणि पिशवीत हात घालून पावाचा तुकडा तोडला.